आवाज लावण्याचे दिवस

मोह गळायला लागला की मला मल्टिमीटर आठवतो. बायकांना चैत्रात माहेर आठवतं, कैरीचं पन्हं आठवतं, मला ती पिवळी डबी आठवते, त्याला मी काय करू. सकाळी अंगण झाडायला बाहेर आले की बैहरच्या बाजूनं येणाऱ्या सायकली दिसतात, मागच्या कॅरिअरला मोहफुलांची पोती बांधलेली. गल्लीभर तो गोड, जडसर वास राहतो. ऊन तापायच्या आत निघून जातो आणि दुसऱ्या सकाळी परत येतो. मी झाडू टेकवून उभी राहते. आमच्या दारापुढे कडुनिंबाखाली पिकअप गाडी उभी असते आणि तिच्या पुढच्या सीटमागे, पत्र्याला घट्ट बसवलेला ऍम्प्लिफायर असतो. त्याच्या एका बारक्या स्क्रूवर माझ्या लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. तेवढं नेलपॉलिश मी आयुष्यात सार्थकी लावलं.

मी गोंदियाची. लग्न होऊन बालाघाटला आले तेव्हा वाटलं होतं, राजेगावपाशी राज्याची हद्द ओलांडली की झालं, तेच धान, तीच वैनगंगा, तीच माणसं. माणसं तीच निघाली, फक्त अर्ध्या वाक्यात हिंदीत जातात. आमचे हे, म्हणजे सुनील, वारासिवनीच्या राईस मिलांचा माल वाहतात. लिहिताना मी एकेरीतच लिहिणार आहे, समोर मात्र अहोच असतं. तर सुनील गाडीवर जीव टाकतो, आणि गाडीतल्या साउंडवर गाडीहून जास्त. आणि घरात बाबा. माझे सासरे.

बाबांना आवाज नाही. म्हणजे आहे, पण कुजबुजण्याइतका. घशाचं ऑपरेशन झालं नागपूरला, माझं लग्न व्हायच्या खूप आधी, आणि तेव्हापासून ते जे बोलतात ते जवळ जाऊन ऐकावं लागतं. मी सून म्हणून आले तेव्हा पहिले काही दिवस वाटायचं की हे माझ्याशी काहीतरी गुपित बोलताहेत. नंतर कळलं, भाजीत मीठ कमी आहे हेही ते असंच सांगतात. या माणसाची एके काळी गाण्याची पार्टी होती. जयंतीच्या महिन्यात गावोगाव कार्यक्रम, इकडे हट्ट्यापर्यंत, तिकडे हद्दीपलीकडे. गाणी स्वतः रचायचे. ढोलक, झांज, मागे कोरसला दोन बायका, त्यातली एक माझी सासू, पंचफुला.

मी आईंना पाहिलं नाही. माझं लग्न ठरायच्या आधीच त्या गेल्या. घरात त्यांचा एकच फोटो आहे, स्टेजवरचा, आणि त्यात नेमका माइक तोंडासमोर आलाय. डोळे दिसतात, कपाळ दिसतं, हनुवटी नाही. मी एकदा सुनीलला विचारलं, आईंचा आवाज कसा होता हो? तो विचार करून म्हणाला, "आईसारखाच होता." आता या उत्तराचं कोणी काय करावं.

बाबांच्या गाण्याची मात्र एक कॅसेट उरली होती. कुठल्याशा गावी कोणीतरी टेपरेकॉर्डर पुढ्यात ठेवून केलेलं रेकॉर्डिंग, एकच गाणं पुरतं आलेलं. सुनीलनं ते पेनड्राइव्हवर उतरवून आणलं. घरातला टेप कधीच बिघडला होता, त्यामुळे ते ऐकायला गाडीच होती. आणि जयंतीच्या मिरवणुकीत आपल्या वॉर्डाच्या गाडीवर बाबांचा आवाज लावायचा असं त्याच्या मनानं घेतलं. बापाचा आवाज गेला, निदान गल्लीनं तो एकदा ऐकावा. यात चुकीचं काहीच नव्हतं.

पहिल्या वर्षी लावला. ते वर्ष मला विसरायचं आहे. संध्याकाळची मिरवणूक, सगळे पांढऱ्या कपड्यात, निळे झेंडे, आणि आमच्या पिकअपवर जुना ऍम्प्लिफायर, त्याचे सगळे स्क्रू सुनीलनं शेवटापर्यंत पिळलेले. फुल म्हणजे फुल. बाबा पुढच्या सीटवर बसले होते, नवा सदरा घालून. गाणं सुरू झालं आणि स्पीकरमधून जे बाहेर आलं ते गाणं नव्हतंच, कोणी टिनाचा पत्रा ओढत नेतंय असा खरखराट होता. मधूनच एखादा शब्द ओळखू यायचा. लोकांनी तरी माना डोलावल्या, माणसं चांगली आहेत आमच्या वॉर्डातली. चौकात गाडी थांबली तेव्हा बाबा खाली उतरले आणि कोणाला काही न सांगता घराकडे चालू लागले.

मी मागोमाग गेले. ते ओट्यावर बसले होते. मी वाकले तर म्हणाले, "माह्या गाण्यात काहीच आयकू येत नाही, बाई."

मी हे सुनीलला सांगितलं आणि तिथंच सगळं वाकड्या वाटेला लागलं. आयकू येत नाही म्हणजे आवाज कमी पडला, असा अर्थ आमच्याकडे कोणीही लावेल. लग्नाच्या वरातीपासून विहाराच्या कार्यक्रमापर्यंत, ऐकू येत नसेल तर आमचा माणूस बटणाकडेच हात नेतो. सुनीलनं ते वर्षभर मनाशी धरलं आणि पुढचा मोह गळायला लागला तेव्हा एक नवा, मोठा ऍम्प्लिफायर घेऊन आला. त्याच्या पेटीवर वॉटचा एवढा मोठा आकडा छापलेला की पेटी पाहायला शेजारचे आले.

मला ते दिवस आता स्वप्नासारखे आठवतात, एकात एक मिसळलेले. दुपारभर कडुनिंबाची बारीक फुलं पडायची, गाडीच्या टपावर, बाबांच्या खुर्चीवर, उघड्या पडलेल्या वायरींवर. वीज जायची. कूलर थांबला की गल्ली एकदम गप्प व्हायची आणि लांबून कोणाच्या तरी घरचं मोहफूल वाळत घातल्याचा वास यायचा. आणि त्या सुस्त उन्हात आम्ही दोघं नवरा-बायको गाडीचं दार उघडं टाकून आवाज लावत बसलेलो. लोक आंबे पाडतात, पापड घालतात, आम्ही हे करायचो.

झालं असं की मला हट्टानं मध्ये पडावं लागलं. मी म्हटलं, पुन्हा सगळं फुल पिळाल तर यंदा बाबा गाडीत बसणारच नाहीत. माझी बी.एस्सी. गोंदियाच्या कॉलेजात झाली आणि तेव्हापासून ती ट्रंकेत होती. मी फोनवर शोधलं, वाचलं, व्हिडिओ पाहिले. तर तो स्क्रू, ज्याला गेन म्हणतात, आवाज वाढवायचा नसतोच. गाडीच्या डेकमधून जे येतं ते ऍम्प्लिफायरनं किती मोठं करावं, याचं ते माप. मापाच्या वर गेलं की यंत्राला जमत नाही आणि आवाज फाटतो. ते माप लावायला मोठं दुकान लागत नाही. एक साधा मल्टिमीटर, एक एकसुरी आवाजाची फाइल आणि थोडा धीर.

मीटर वारासिवनीच्या बाजारातून सुनीलच घेऊन आला, इलेक्ट्रिकच्या दुकानातला सगळ्यात स्वस्तातला. त्याला वाटलं, करू दे हिला हौस. स्पीकरच्या वायरी काढल्या, नाहीतर तो एकसुरी आवाज कानात घुसून माणूस वेडा व्हायचा. डेकचा आवाज पाऊण ठेवला, बेस बूस्ट बंद केला, गेन शून्यावर आणला. मग मी पेटीवरचे वॉट आणि स्पीकरचे ओहम गुणून त्याचं वर्गमूळ काढलं. जेवढं उत्तर येईल तेवढे व्होल्ट मीटरनं दाखवेपर्यंत स्क्रू हळूहळू फिरवायचा, एवढंच काम.

सुनीलनं फिरवला. आकडा चढत गेला, चढत गेला आणि थांबला. स्क्रू शेवटाला टेकला तरी माझं उत्तर काही येईना.

"तुहा मीटर सस्ता आहे," तो म्हणाला.

"मीटर बरोबर आहे. तुमची पेटी खोटं बोलते."

"पेटीवर छापून आहे न वं. छापलेलं खोटं कसं राहीन?"

"मग लावा स्पीकर. ऐका."

लावले. फाटलं. गेल्या वर्षीपेक्षा जोरात फाटलं, एवढाच फरक. बाबा ओट्यावर बसून ऐकत होते, त्यांनी नुसता हात हलवला, बंद करा. सुनीलचा चेहरा पडला. त्याला मी नंतर बरंच बोलले असते, पण तो चेहरा पाहून राहू दिलं. पेटीवर विश्वास ठेवणं हा काही गुन्हा नाही, आणि तो आकडा मीही निमूट गुणला होताच.

त्याच आठवड्यात आम्हाला हट्ट्याला जावं लागलं, नात्यातल्या लग्नाचं आमंत्रण होतं. परतताना बाबांनी गाडी थांबवायला सांगितली आणि बावडीकडे बोट केलं. ती जुनी, दगडी, खाली खाली मजले उतरत जाणारी विहीर मी तोवर आतून पाहिली नव्हती. वर ऊन रणरणत होतं आणि पाच-सात पायऱ्या उतरताच अंगावर गारवा आला. बाबा एका कमानीपाशी बसले. पारव्यांची जरा फडफड झाली आणि थांबली. मग त्यांनी त्यांच्या त्या नसलेल्या आवाजात, अगदी श्वासानं म्हणावी तशी, एक ओळ म्हटली.

"वैनगंगेच्या पाण्याले पुसा, कोणं आणला उजेड घरात."

मी दोन कमानी सोडून उभी होते आणि मला शब्द न् शब्द ऐकू आला. घरी मला त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागतो. मी वळून पाहिलं तर ते हसत होते.

"इथं जोर लावा लागत नाही," ते म्हणाले. "पार्टी घेऊन आलतो आम्ही इथं. कार्यक्रम झाल्यावर ते अन् मी बसलो होतो. ते लहान आवाजात बोले न, तरी आयकू ये."

ते म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. बाबा आईंचं नाव घेत नाहीत. सुनील वर गाडीपाशी पाण्याची बाटली भरत होता, त्याला यातलं काहीच ऐकू गेलं नाही. त्या वेळी मलाही ते नुसतं म्हाताऱ्याचं आठवणीत रमणं वाटलं. आता वाटतं, त्यांनी सगळं तिथंच सांगून टाकलं होतं.

घरी आल्यावर मी एक आणखी वस्तू मागवली. तळहाताएवढा ऑसिलोस्कोप, स्वस्तातला, छोट्या पडद्याचा, मुलांना शिकायला असतो तसा. मीटर नुसता आकडा सांगतो, हा आवाजाचा आकार दाखवतो. तो आला त्या दुपारी बाबा स्वतःची खुर्ची उचलून गाडीच्या दाराशी येऊन बसले. मी वायर लावली आणि पडद्यावर हिरवी रेघ वळत वळत चालू लागली, गोल माथे, गोल खळगे.

"हे काय होय?" बाबांनी विचारलं.

"आवाज आहे, बाबा."

त्यांनी डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं. ज्या माणसाचा आवाज गेला त्यानं आवाज डोळ्यांनी पाहावा, हे मला तेव्हा फार लागलं. सुनीलनं गेन वाढवला. माथे उंच झाले, आणखी उंच झाले, आणि स्क्रू अर्ध्यावरही गेला नव्हता तोच वरून कोणी विळ्यानं छाटावेत तसे सपाट झाले. पेटीवरच्या आकड्याच्या कितीतरी अलीकडे.  सुनीलनं पेटीकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि ती रिकामी पेटी उचलून गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवून आला.

बाबांनी बोट त्या सपाट माथ्यावर टेकवलं. "इथलं कुठी गेलं?"

"यंत्राला झेपलं नाही, म्हणून कापलं गेलं. तेच फाटल्यासारखं ऐकू येतं. आणि त्याच्याखाली बारीकसारीक जे असेल ते दबून जातं."

"कमी कर," बाबा म्हणाले.

सुनीलनं कमी केला. माथे पुन्हा गोल झाले.

"आनखी."

"बाबा, आता बरोबर आहे. आनखी कायले?"

"आनखी थोडसाक."

त्यानं आणखी थोडा मागे घेतला. मी घरातून नेलपॉलिशची बाटली आणली आणि स्क्रूवर आणि बाजूच्या पत्र्यावर मिळून एक ठिपका दिला, म्हणजे कोणी हलवला तर लगेच कळावं. मग स्पीकर जोडले आणि पेनड्राइव्ह लावला.

पहिल्यांदा कॅसेटची सरसर आली. मग झांज. मग बाबांचा आवाज. बाई गं, काय आवाज होता तो. भरीव, मोकळा, गावाच्या या टोकाकडून त्या टोकाला जाईल असा. मी या माणसाच्या घरात इतकी वर्षं राहत होते आणि त्यांना ओळखतच नव्हते. सुनील गाडीला टेकून खाली पाहत उभा होता. बाबा बोटांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरून होते, पण त्यांचं लक्ष स्वतःच्या गाण्याकडे नव्हतं. ते कशाची तरी वाट पाहत होते.

पहिलं कडवं संपलं. ढोलक एकटी वाजत राहिली, आणि तेवढ्यात मागून, अगदी हळू, एका बाईचा आवाज आला, "उजेड घरात." आणि लगेच बाबांनी तोच शब्द उचलून दुसरं कडवं सुरू केलं.

बाबांनी हात वर केला. "थांबव. मांगं घे."

सुनीलनं मागे घेतलं. पुन्हा आलं. उजेड घरात. जरासा बसका, घाईचा, पदराआडून बोलल्यासारखा आवाज.

"आई आहे," सुनील म्हणाला आणि गाडीच्या फूटबोर्डवर बसून गेला.

मग बाबांनी सांगितलं, मी त्यांच्या तोंडाशी कान नेऊन ऐकलं आणि सुनीलला मोठ्यानं सांगत गेले. गाणी बाबा रचायचे, पण लक्षात त्यांच्या राहायची नाहीत. कागदावर कधी उतरवली नाहीत, सगळी आईंच्या तोंडी होती. स्टेजवर त्या मुद्दाम बाबांच्या पाठीशी बसायच्या आणि प्रत्येक कडव्याआधी पुढचा शब्द पुटपुटायच्या. लोकांना कधी कळलं नाही. फोटोत माइकआड गेलेलं ते तोंड, तेव्हाही बहुतेक तेच करत असणार. गेल्या वर्षी चौकात बाबा उतरून गेले ते स्वतःचा आवाज फाटला म्हणून नाही. त्यांनी आईंना ऐकायला म्हणून नवा सदरा घातला होता.

"मंग आधी काहून नाही सांगतलं, बाबा?" सुनीलचा आवाज चढला होता. "मी सालभर..."

"सांगतलं न," बाबा म्हणाले. "आयकू येत नाही म्हनून सांगतलं."

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, आणि मी कडुनिंबाची फुलं झाडायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. मी उरलेलं गाणं लावायला गेले तर बाबांनी अडवलं. बाकीचं त्या दिवशी, म्हणाले. त्या दिवशी साऱ्यांसंगं.

यंदाही सकाळी मोहाच्या वासात मी तो स्क्रू पाहून आले. ठिपका जागेवर आहे, जरा विटलाय. दरवर्षी जयंतीच्या आधी मी मीटर काढून एकदा व्होल्ट पाहते. गरज नसते. पण या दिवसांत हात आपोआप कपाटाकडे जातो, आणि सुनीलही विचारत नाही की कशाला. आता तोच मला सांगतो, बेस बूस्ट बंद आहे न पाह्य. असा सुधारलेला नवरा मिरवायची सोय नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

त्या वर्षीची मिरवणूक मात्र सोपी गेली नाही. आमच्या पुढे दुसऱ्या वॉर्डाची गाडी होती, टपापर्यंत स्पीकरचे डबे रचलेले, जमीन हादरत होती. त्यापुढे आमची पिकअप म्हणजे कोणी घरात बोलावं तशी. पोरं हसू लागली. एक जण खिडकीशी येऊन म्हणाला, "काकाजी, बॅटरी उतर गई क्या?" गाडी चालवणाऱ्या सुनीलचा हात सीटच्या मागे गेला. मी मागे बायकांबरोबर चालत होते, मागच्या काचेतून मला तो हात दिसला. स्क्रूपासून बोटभर अंतरावर होता. त्याचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. गल्लीसमोर बापाचा आवाज लहान पडतोय, हे त्याला किती लागत असेल ते मला कळत होतं, आणि तरी मी मनात म्हणत होते, नका, नका हात लावू.

शेजारी बसलेल्या बाबांनी मागे न वळता त्याचं मनगट धरलं. घट्ट नाही, नुसतं धरलं आणि स्वतःच्या मांडीवर आणून ठेवलं. तो तसाच बसला, एका हातानं गाडी चालवत. मिरवणुकीत गाडी चालते ती पायी चालल्यासारखीच.

वळणावर पुढची गाडी दुसऱ्या रस्त्यानं गेली. तिचा दणदणाट घरांच्या मागे गेला आणि आमच्या बायकांनी आपोआप टाळ्या हळू केल्या, कारण गाणं ऐकू येऊ लागलं होतं. पहिलं कडवं. मागून तो बसका शब्द. दुसरं कडवं. आमच्यातल्या एक वयस्क बाई, आईंच्या बरोबर कोरसला असायच्या त्या, चालता चालता थबकल्या. माझा दंड धरून म्हणाल्या, "पंची होय न वं ते?"

मी मान हलवली. ही गोष्ट मागून पुढे गेली, बाईकडून बाईकडे, आणि साऱ्या जणी गाडीच्या जवळ सरकल्या.

तिसऱ्या कडव्याआधी ढोलक थांबली. मी हे तोवर ऐकलं नव्हतं, गेल्या वर्षीच्या खरखराटात कोणालाच कळलं नव्हतं. टेपवर बाबा खोकले. दोनदा. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाचा कोरडा खोकला. आणि मग आईंचा आवाज आला, या वेळी पुटपुटणं नव्हतं, बायको नवऱ्याला दटावते तसा, लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून दाबलेला.

"पानी पे आधी. मंग म्हन."

गाडी थांबली होती. सुनीलनं थांबवली की आपसूक थांबली, ठाऊक नाही. मी खिडकीशी पोचले तेव्हा बाबा वाकून पायाशी काहीतरी शोधत होते. त्यांनी पाण्याची बाटली वर घेतली, टोपण काढलं, आणि सांगितल्याप्रमाणे, सावकाश, घोट घोट करत पाणी प्यायले. बाटली खाली ठेवली. ओठ पुसले.

टेपवर तिसरं कडवं सुरू झालं.